जत्रेतल्या कुस्त्यांची गर्दी खरंच ओसरली का? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

दोन-तीन हंगाम पलूस, तासगाव, वाळवा भागातल्या जत्रांची मैदानं बघून आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून हा धागा.

'कुस्ती संपली, आता कोण बघतंय' हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडं ऐकू येतं. मला ते पटत नाही. पण निव्वळ खोटं आहे असंही म्हणवत नाही. कुंडलचं मैदान घ्या. डोंगराच्या उतारावर बसून लोक कुस्त्या बघतात आणि तिथं आजही मुंगी शिरायला जागा नसते. याउलट लहान गावात दुपारी लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या सुरू होतात तेव्हा आखाड्याभोवती पंच, हलगीवाले आणि लढणाऱ्या पोरांचे बाप एवढीच माणसं. सहानंतर गाड्या येऊन लागतात. निवेदक घसा कोरडा करून एक नंबरची जोड पुकारतो. मग अर्धा-पाऊण तास नुसती खडाखडी, मानेवर हात, कपाळाला कपाळ. शेवटी पंच बरोबरीत सोडवतात आणि लोक बडबडत गाड्या काढतात.

मला वाटतं बघणारा कमी झालेला नाही, मधली कुस्ती कमी झालीय. पाच-दहा हजारांच्या इनामावर जीव तोडून लढणारी पोरं मैदान रंगवायची. कोण ढाक मारायचा, कोण मोळी बांधायचा, दहा मिनिटांत पाठ लावून मोकळा. ती पोरं आता यादीत दिसत नाहीत. वर बड्या नावांची जोड, खाली लहान पोरं आणि मधे पोकळी.

तुमच्या गावात काय चित्र आहे? जुन्या आठवणींच्या माळा नकोत, आताचं सांगा.

---

तांबडी_माती

आठवणी नकोत म्हणता, पण मागचं सांगितल्याशिवाय आताचं कसं मोजणार?

ज्या जिल्ह्याबद्दल बोलतोय त्याचा हिशेब बघा. महाराष्ट्र केसरी १९६१ला सुरू झाली आणि पहिलीच गदा सांगलीच्या दिनकर दह्यारींनी आणली. गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, १९६०चे हिंदकेसरी. मारुती माने कवठेपिरानचे, १९६४चे हिंदकेसरी. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनीही पदकं घेतली. आंदळकर पुढं कोल्हापुरात वस्ताद म्हणून राहिले तरी मूळ वारणेकाठचंच. एवढ्याशा पट्ट्यातून एवढी माणसं निघाली, कारण गावोगावी तालीम होती आणि तालमीत गावातला निम्मा तरुण अंगाला माती लावून आलेला असायचा.

बरोबरीचं म्हणाल तर तेव्हाही कुस्त्या तासतासभर चालायच्या आणि सुटायच्या. दिल्लीचा सतपाल, आपले दादू चौगुले, युवराज पाटील यांच्या काळात कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लोकांनी उन्हात बसून लांबलेल्या कुस्त्या बघितल्यात. पण बघणाऱ्याला कळायचं की पट काढायचा, म्हणजे पाय ओढून पाडायचा प्रयत्न झाला आणि वरच्यानं तो कसा झटकला. खडाखडीतसुद्धा डाव चाललेला असतो, तो दिसायला स्वतःच्या मानेवर कधीतरी हात पडलेला लागतो. आता समोर बसलेल्या पोराला फक्त चितपट कळते. त्याच्यासाठी त्याआधीचा अर्धा तास रिकामा.

त्यामुळं 'बघणारा कमी झालेला नाही' हे अर्धंच खरं. डोकी तेवढीच आहेत, जाणकार उरला नाही.

---

हलगीवाला

+१. हलगीचा ठेका बदलला तरी लोक मोबाईलमधनं मान वर काढत न्हाईत आता. पूर्वी नुसत्या ठेक्यावरनं कळायचं कुस्ती निकालाला आलीय.

---

मिरज_जंक्शन

जरा वेगळं बोलतो, चिडू नका.

आमच्या पिढीला कुस्ती पहिल्यांदा भेटली ती अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रम्प कार्डांत. उंची, वजन, छाती, रँक. अंडरटेकरचं पान हातात आलं की डाव आपला. मारुती मान्यांचं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि मी राहतो त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. यात चूक कुणाची ते तुम्ही ठरवा.

त्या अमेरिकन कुस्तीबद्दलही 'संपली, संपली' असं कित्येक वर्षं चाललंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन कंपन्या सोमवारी रात्री एकमेकींसमोर कार्यक्रम लावायच्या. २००१ला एकीनं दुसरीला विकत घेतलं, चुरस संपली आणि टीव्हीचे आकडे उतरत गेले. तरी २०२४च्या जानेवारीत नेटफ्लिक्सनं त्यांच्या सोमवारच्या कार्यक्रमासाठी दहा वर्षांचा पाच अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. घराघरातला टीव्ही बंद झाला म्हणजे खेळ मेला असं होत नाही. बघायची जागा बदलते, पैसा यायची वाट बदलते.

आपल्याकडंही तेच आहे. कुंडलची कुस्ती मी मिरजेत बसून मोबाईलवर थेट बघतो. माझ्यासारखे किती, ते आखाड्याभोवती मोजून कसं कळणार?

---

तांबडी_माती

@मिरज_जंक्शन, चिडलो नाही. पण ते सगळं ठरवून केलेलं नाटक. त्याची आणि मातीतल्या कुस्तीची तुलनाच होत नाही.

---

मिरज_जंक्शन

नाटक आहे हे ते लपवत नाहीत काका. १९८९ला त्यांच्या मालकांनीच न्यू जर्सीच्या कायदेमंडळासमोर सांगून टाकलं की ही करमणूक आहे, खेळाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. त्यानंतर प्रेक्षक पळाला नाही, उलट पुढच्या दहा वर्षांत वाढला. कारण फसवलं जात नव्हतं.

आपल्याकडं पोस्टरवर 'काटाजोड' छापायचं आणि आत नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती लावायची. राग कुस्तीवर नसतो, फसवल्याचा असतो. मी मैदानावर जायचं सोडलं ते यामुळं. एका गावात एक नंबरच्या दोघांना आदल्या रात्री एकाच ढाब्यावर एकाच ताटात जेवताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तासाची बरोबरी. गावाचं नाव घेत नाही.

---

गाडीवान_माण

गर्दी कुठं गेली ते मी सांगतो की. आमच्याकडं आलीया.

२०१४ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तवा सात वर्षं लोकं कुस्त्यांला जात हुती, दुसरं हुतंच काय? २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं पक्कं शिक्कामोर्तब केलं. आता यात्रंच्या पत्रिकेत आधी शर्यतीची तारीख ठरत्या, मग कुस्त्यांची. गाडी सुटली की निकाल वीस-पंचवीस सेकंदात. सेमी, फायनल, कोण पहिला ते डोळ्यांदेखत. बरोबरी न्हाई, खडाखडी न्हाई.

आणि आयोजक कोण बगा. भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबराला थार गाडी ठिवली, ती चंद्रहार पाटलांनी. २००७ आणि २००८चे महाराष्ट्र केसरी! पैलवानच शर्यत भरवाय लागला तर आमी काय बोलायचं.

---

कराडचा

गाडीवान, तुमच्या बैलांबद्दल आदर आहे म्हणून सांगतो. १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव आले तेव्हा कराड ते गोळेश्वर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. बैल आणि पैलवान तेव्हा एकाच बाजूला होते. :)

खाशाबांवरून एक आठवलं, धाग्याशी संबंध आहे. त्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान लावलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून ते कर्ज फेडलं. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा खर्च फिटला तो तिकीट काढून कुस्ती बघणाऱ्या लोकांच्या जिवावर.

दुसरं, खाशाबांचं वजन. बँटमवेट, सत्तावन्न किलोपर्यंत. आजच्या जत्रेत त्या वजनाचा पैलवान कुठल्या नंबरला लावतील? दुपारी तीनच्या उन्हात, नारळाच्या इनामावर. पोस्टरवर मात्र सव्वाशे किलोची दोन माणसं, जी पाच मिनिटांत धापा टाकतात. चपळाईची कुस्ती लोकांना दाखवलीच जात नाही आणि वर म्हणायचं लोकांना कुस्ती आवडत नाही.

---

कृष्णाकाठ

@कराडचा, वजनाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मधली पोकळी म्हणतोय ती बरीचशी इथंच आहे.

कमिटीतलं कुणी असेल तर पैशाचं सांगेल का?

---

वाळव्याचा_खजिनदार

आहे मी. गाव विचारू नका, नाहीतर उद्या घरी येऊन भांडतील.

वर्गणी, दुकानदारांच्या जाहिराती, मुंबई-पुण्याला असलेली गावची पोरं आणि एखादा नेता यातून पैसा गोळा होतो. निवडणुकीचं वर्ष असलं की नेत्याचा वाटा आपोआप फुगतो. पण नेत्याला पाहिजे असतो बॅनर, आणि बॅनरवर पाहिजे महाराष्ट्र केसरी, नाहीतर पंजाब-हरियाणाचा नाहीतर थेट इराणचा पैलवान. त्यामुळं निम्म्याहून जास्त रक्कम वरच्या दोन-तीन जोडांत जाते. उरलेल्यात मंडप, लाईट, हलगी, निवेदक, पंच, जेवणं आणि मग शे-दीडशे कुस्त्या बसवायच्या. मधल्या पोराला काय देणार? आठ-दहा वर्षांपूर्वी पाच हजार होते, आजही पाच हजारच आहेत. बदामाचा भाव तेवढाच राहिलाय का?

आणि मोठा पैलवान धोका कशाला पत्करेल? त्याला त्याच महिन्यात अजून दहा मैदानं आहेत. इथं पडला तर पुढचा भाव पडतो. बरोबरीत पूर्ण इनाम मिळत असेल तर तो जिंकायला कशाला जातोय? याला नेहमी नुराच म्हणायला पाहिजे असं नाही, साधा धंद्याचा हिशेब आहे.

पूर्वी साखर कारखान्यांनी पैलवान मानधनावर ठेवलेले असायचे. स्पर्धा घेऊन निवडायचे, महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे. अशा पैलवानाला पडायची भीती कमी असायची, कारण चूल जत्रेवर अवलंबून नसायची. काही कारखान्यांत अजून चालतं, पण पूर्वीसारखं कुठं.

---

पै_बापू

खजिनदार बरोबर बोलले. मी तालमीत पोरं सांभाळतो, त्या बाजूचं सांगतो.

'ती पोरं कुठं गेली' विचारलंय. मॅटवर, म्हणजे गादीवरच्या कुस्तीत गेली. यात भावनेचा प्रश्न नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याला सर्टिफिकेट लागतं. ते शालेय, विद्यापीठ आणि मान्यताप्राप्त राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचं. जत्रेतल्या मातीवर चाळीस कुस्त्या मारल्या तरी सर्टिफिकेट मिळतं शून्य. वर महाराष्ट्र केसरी झाला तर पोलीस उपअधीक्षक होता येतं हे नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांच्यामुळं पोरांच्या बापांनी बघितलंय. मग बाप मला पहिला प्रश्न विचारतो, 'वस्ताद, मॅट हाय का?'

मॅटची कुस्ती म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. खुराकही वेगळा, दम वेगळा, पकड वेगळी. तिथं वजन ठरलेलं, त्यामुळं पोरगा वजन उतरवण्याच्या मागं असतो. जत्रेत पाच हजारांसाठी गुडघा मोडून घेतला तर वर्षाची स्पर्धा गेली. मी स्वतः पोरांना स्पर्धेआधी महिनाभर मातीत उतरू देत नाही. शिव्या द्या मला पाहिजे तर.

खुराकाचं बोलायलाच नको. दूध, तूप, बदाम, फळं, अंडी-मटण धरून एका वाढत्या पोराला महिना पंधरा हजारांच्या खाली बसत नाही. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला हे कसं झेपेल? पूर्वी घरच्या म्हशीचं दूध पोराच्या पोटात जायचं, आता ते डेअरीत जातं, कारण त्यावरच घराचा आठवडा चालतो.

२०१९च्या पुरात कृष्णा-वारणेकाठच्या किती तालमींत पाणी शिरलं ते आठवतंय का? हौद्यातली माती वाहून गेली, काही ठिकाणी गाळ बसला. माती नुसती आणून टाकायची नसते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची, मुरवायची असते. तोवर दुसऱ्या वर्षी कोरोना. दोन वर्षं जत्रा नाहीत, मैदानं नाहीत. त्या वयातली एक अख्खी पिढी सुटली. सतरा-अठराव्या वर्षी जो मधल्या नंबरला आला असता तो आज कंपनीत कामाला आहे.

---

माणदेशी_लेक

इतका वेळ वाचतेय. सगळे 'पोरं, पोरं' करताय.

२०२३च्या मार्चमध्ये महिलांची महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि पहिला मान सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं घेतला. पोलिसांत जायच्या वाटा मुलींनाही दिसायला लागल्यात. माझी भाची कुस्ती करते. तिच्या तालमीत नवीन येणाऱ्यांत मुलींचं प्रमाण दरवर्षी वाढतंय. जत्रेत मुलींची जोड पुकारली की बायका मंदिराच्या ओट्यावरून उठून पुढं येतात. ज्या बायकांना आखाड्याजवळ उभं राहू देत नव्हते त्याच!

पण त्यांना लावतात कधी? सुरुवातीला, 'शोभेला'. इनाम किती, ते लिहायला लाज वाटते. गर्दी कमी झाली म्हणून रडायचं आणि निम्मं गाव जे कधी बोलावलंच नाही त्याचा विचार करायचा नाही. खजिनदार, तुमच्या यादीत मुलींच्या किती कुस्त्या आहेत?

---

वाळव्याचा_खजिनदार

ताई, दोन. आणि तुम्ही विचारणार हे माहीत होतं.

---

माणदेशी_लेक

माहीत होतं तर चार करायच्या होत्या.

---

गाडीवान_माण

😂😂 खजिनदार चितपट.

---

कराडचा

संघटनांचं कुणीच बोललं नाही. जत्रा सोडा, वरच्या पातळीवर बघा. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. मॅट विभागाच्या अंतिम कुस्तीत चितपटीच्या निर्णयावरून वाद पेटला, शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. गदा पृथ्वीराज मोहोळकडं गेली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती लाथ. दोनेक महिन्यांत कर्जतला संघटनेच्या दुसऱ्या गटाची वेगळी महाराष्ट्र केसरी, तिथला विजेता वेताळ शेळके. एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी! नवीन प्रेक्षकानं कुणाला मानायचं?

२०२२ला साताऱ्यात शाहू स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा मी होतो तिथं. पाऊस आला, चिखल झाला, एक दिवस वाया गेला, तरी फायनलला माणूस हलला नाही. त्यामुळं 'आवड संपली' कुणी म्हटलं की मी सरळ उठून जातो.

---

मिरज_जंक्शन

मग मार्ग सांगा की राव. अडचणी सगळ्यांना पाठ आहेत.

माझ्या मते एक नंबरच्या कुस्तीला वेळ ठरवून द्या. वीस मिनिटं. निकाल नाही लागला तर पुढं गुणांवर, पहिला गुण घेणारा विजयी.

---

तांबडी_माती

काही ठिकाणी करतात हे. मला पटत नाही. मातीत गुण कसले? पाठ लागली की निकाल. एकदा पट काढून मागं गेला की एक गुण आणि मग उरलेला वेळ पळत फिरणार, त्याला विजयी म्हणायचं? मॅटवर ते चालतं, तिथं निष्क्रिय राहिल्याची शिक्षा आहे, रेषेबाहेर गेल्याची शिक्षा आहे. अर्धे नियम इकडचे, अर्धे तिकडचे घेतले तर ना माती राहील ना मॅट.

---

पै_बापू

काका, तुमचं म्हणणं मान्य. पण मग बरोबरीचं इनाम तरी कापा. बरोबरी झाली तर दोघांना मिळून निम्मंच. उरलेलं निम्मं त्या दिवशी सगळ्यात चटकदार कुस्ती केलेल्या मधल्या पाच जोडांत वाटा. लोकांसमोर, तिथल्या तिथं, नाव पुकारून.

---

कृष्णाकाठ

हे भारी आहे बापू. मधल्या पोराला पैसा मिळेल आणि वरच्याला घाम गाळावा लागेल.

@वाळव्याचा_खजिनदार, तुमच्याकडं होईल का हे?

---

वाळव्याचा_खजिनदार

मागच्या बैठकीत असंच काहीतरी मी मांडलं होतं. सरपंच म्हणाले, अशा अटीवर मोठा पैलवान येईल का?

---

पै_बापू

लढणारा येईल. नुसतं नाव मोठं असलेला येणार नाही. तो नाही आला तर तुमचं काय बिघडलं?

---

वाळव्याचा_खजिनदार

बापू, माझं काही बिघडत नाही. बॅनर उद्या छापायला जाणार आहे. मधे फोटो कुणाचा लावू तेवढं सांगा.

---

माणदेशी_लेक

मी सांगू?